खड्यातला आवाज

पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळलेली तांब्याची तार, एक कंडेन्सर, कानाला लावायचा हेडफोन, गच्चीवरून सोडलेली लांब एरियल, नळाच्या पाइपला बांधलेली अर्थची तार आणि चकचकीत करड्या रंगाचा एक खडा. एवढ्या सामग्रीवर रेडिओ ऐकू येतो असे आज कोणाला सांगितले, तर त्याला ती थट्टाच वाटेल. या संचाला बॅटरी लागत नाही, विजेची जोडणी लागत नाही, त्यात तापणारे किंवा उजळणारे असे काहीही नसते. तरीही १९२० च्या दशकात युरोप-अमेरिकेतील असंख्य कुटुंबांनी आयुष्यातले पहिले नभोवाणी प्रक्षेपण ऐकले ते याच क्रिस्टल सेटवर. बाजारातील दिव्यांचे, म्हणजे व्हॉल्व्हचे, रेडिओ महाग होते. क्रिस्टल सेट शाळकरी मुलगाही घरी बसून जुळवू शकत असे. मुंबईत २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले, तेव्हा येथेही जवळपासच्या हौशी श्रोत्यांना हा स्वस्त मार्ग खुला होता.

या सगळ्या सामग्रीतली किमया आहे ती त्या खड्यात. त्याचे नाव गॅलिना. शिसे आणि गंधक यांचे हे निसर्गात सापडणारे संयुग. आपल्याकडे डोळ्यांत घालायचा सुरमा परंपरेने ज्या खनिजाची पूड करून बनवला जाई, तेच हे. बिनतारी लहरी टिपण्यासाठी गॅलिनाचा उपयोग करण्याचे पेटंट अमेरिकन दफ्तरात क्रमांक ७५५८४० वर नोंदलेले आहे. त्यावर तारीख आहे २९ मार्च १९०४ आणि नाव आहे कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातील एका प्राध्यापकाचे. जगदीशचंद्र बोस हे नाव आपल्याला शाळेच्या पुस्तकातून ठाऊक असते, पण ते वनस्पतींच्या संवेदनांचा शोध घेणारे शास्त्रज्ञ म्हणून. घरगुती रेडिओच्या काळजाशी त्यांचा असलेला संबंध मात्र पुस्तकांत एखाद्या ओळीत उरकला जातो; नाहीतर मग मार्कोनीने आमचा शोध पळवला, अशा घोषणेत तो हरवून जातो. या दोन्ही टोकांपेक्षा खरी हकिगत अधिक गुंतागुंतीची आहे आणि अधिक चटका लावणारीही आहे.

जगदीशचंद्रांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी आजच्या बांगलादेशात झाला. त्यांचे घराणे विक्रमपूर परगण्यातील राडीखालचे. वडील भगवानचंद्र हे ब्रिटिश सरकारच्या नोकरीत डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते. त्या काळी अशा हुद्द्यावरचा माणूस मुलाला इंग्रजी शाळेत घाली, तोच प्रतिष्ठेचा मार्ग होता. भगवानचंद्रांनी मुलाला बंगाली पाठशाळेत घातले. तेथे त्याच्या बाकावर एका बाजूला वडिलांच्या चपराशाचा मुलगा बसे, तर दुसऱ्या बाजूला एका कोळ्याचा. त्याला शाळेत नेण्या-आणण्यासाठी ठेवलेला नोकर एकेकाळचा दरोडेखोर होता आणि त्याला तुरुंगात धाडणारे न्यायाधीश स्वतः भगवानचंद्रच होते. शिक्षा भोगून आलेल्या माणसाला पोटापाण्याचे साधन नाही, म्हणून त्यांनी त्याला आपल्याच घरी ठेवून घेतले. वडिलांचा हा स्वभाव पुढे मुलाच्या आयुष्यात वारंवार डोकावतो.

भगवानचंद्रांची बदली वर्धमानला झाली, तेव्हा त्या भागात तापाच्या साथीने हाहाकार उडवला होता. पोरक्या झालेल्या मुलांना हाताला काम मिळावे म्हणून त्यांनी आपल्या बंगल्याच्या आवारातच सुतारकाम, लोहारकाम आणि धातूच्या ओतकामाचे कारखाने उघडले. मॅजिस्ट्रेटसाहेबांचा मुलगा सुट्टीत त्या कारागिरांच्या अवतीभवती घोटाळत असे. हातोडी, कानस आणि भट्टी यांच्याशी त्याची ओळख झाली ती येथे. त्या काळच्या भद्रलोकांत हाताने काम करणे कमीपणाचे मानले जात असे, हे लक्षात घेतले म्हणजे या ओळखीचे मोल कळते.

पुढे कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजात फादर युजीन लाफों या बेल्जियन धर्मगुरूने त्यांना पदार्थविज्ञानाची गोडी लावली. प्रात्यक्षिकांनी रंगणाऱ्या लाफों यांच्या व्याख्यानांची शहरात ख्याती होती. १८८० मध्ये जगदीशचंद्र वैद्यकाच्या अभ्यासासाठी लंडनला गेले. पण आसामात जडलेला ताप शवविच्छेदनाच्या खोलीतील वासाने बळावू लागला आणि वर्षभरात तो नाद सोडावा लागला. ते केंब्रिजच्या ख्राइस्ट्स कॉलेजात दाखल झाले. तेथे त्यांना लॉर्ड रॅले यांच्यासारखा गुरू लाभला. १८८४ मध्ये निसर्गविज्ञानाची पदवी घेऊन ते परतले आणि १८८५ मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले.

झाले म्हणजे, व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांची शिफारस होती म्हणून नेमावे लागले. काटेकोर शास्त्रे शिकवण्याची कुवत हिंदी माणसाच्या स्वभावातच नाही, असे शिक्षण खात्यातील वरिष्ठांचे ठाम मत होते. हिंदी प्राध्यापकाला गोऱ्या प्राध्यापकाच्या दोनतृतीयांश वेतन मिळे. जगदीशचंद्रांची नेमणूक हंगामी असल्याने त्याचेही निम्मे देऊ करण्यात आले. त्यांनी यावर अर्ज-विनंत्या केल्या नाहीत, राजीनामाही दिला नाही. ते रोज वर्गावर जात, शिकवत आणि महिनाअखेरीस पगार नाकारत. हे एक-दोन महिने चालले नाही, तीन वर्षे चालले. या काळात घरची स्थिती काय होती? वडिलांनी लोकोपयोगी म्हणून काढलेले उद्योग बुडाले होते आणि डोक्यावर कर्जाचा डोंगर होता. वडिलोपार्जित जमीन विकून काही देणेकऱ्यांना वारले, उरलेले कर्ज जगदीशचंद्रांनी पुढे कित्येक वर्षे पगारातून फेडले. १८८७ मध्ये अबलादेवींशी त्यांचा विवाह झाला. कलकत्त्यात घर परवडेना म्हणून हे जोडपे काही काळ हुगळीकाठी चंद्रनगरला राहिले. जगदीशचंद्र नदी ओलांडून कामावर जात आणि होडी वल्हवायला अबलादेवी असत. अखेर सरकार नमले. नेमणूक कायम झाली आणि तीन वर्षांचे पूर्ण वेतन एकरकमी हाती आले.

पैशाच्या बाबतीत हा माणूस पुढे जे वागला, त्याचा उलगडा करू पाहणाऱ्याने ही तीन वर्षे विसरू नयेत. पगार नाकारणारा माणूस पैशाला तुच्छ मानत होता असे नव्हे. त्याला पैशाची नितांत गरज होती. तरीही त्याच्या मनातला हिशेब वेगळ्या चोपडीत मांडलेला होता.

संशोधनाला प्रारंभ झाला तो १८९४ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. जर्मनीत हाइनरिश हर्ट्झ यांनी काही वर्षांपूर्वी विद्युत्-चुंबकीय लहरी प्रत्यक्ष निर्माण करून दाखवल्या होत्या. प्रकाश आणि या लहरी एकाच जातीच्या, फरक फक्त लांबीचा, हे जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांचे गणित खरे ठरले होते. ऑलिव्हर लॉज यांनी हर्ट्झच्या कामावर लिहिलेले पुस्तक जगदीशचंद्रांच्या हाती पडले आणि त्यांनी या लहरींना हात घातला. हर्ट्झच्या लहरी मोठ्या होत्या. त्यांचे परावर्तन, वक्रीभवन दाखवायचे तर भिंतीएवढे आरसे आणि मणामणाचे लोलक लागत. जगदीशचंद्रांनी उलटा विचार केला. उपकरणे वाढवण्यापेक्षा लहरच लहान केली तर? त्यांनी ती पाच मिलिमीटरपर्यंत खाली आणली.

प्रयोगशाळा म्हणजे कॉलेजातील एका न्हाणीघरालगतची छोटी खोली. संशोधनासाठी अनुदान नाही, साहाय्यक नाही, यंत्रशाळा नाही. त्यांनी एक निरक्षर पत्रेवाला हाताशी धरला, त्याला शिकवले आणि त्याच्याकडून उपकरणे घडवून घेतली. लहरींचे ध्रुवीकरण दाखवण्यासाठी युरोपात महागडे स्फटिक वापरले असते. येथे तागाच्या दोऱ्यांना पीळ देऊन त्यांच्या जुड्या बनवल्या गेल्या. डाव्या पिळाची जुडी लहरीचे प्रतल एका बाजूला वळवी, उजव्या पिळाची दुसऱ्या. दुसऱ्या एका प्रयोगासाठी ब्रॅडशॉचे रेल्वे वेळापत्रक घेऊन त्याच्या पानांमध्ये कथिलाचा वर्ख घातला. आगगाड्यांच्या वेळा सांगणारे ते पुस्तक उत्तम ध्रुवक ठरले. लहरी एका दिशेने नेण्यासाठी धातूच्या नळ्या आणि त्यांना जोडलेली कर्ण्यासारखी तोंडे वापरली. आज मायक्रोवेव्ह अभियांत्रिकीत वेव्हगाइड आणि हॉर्न अँटेना या नावांनी जे शिकवले जाते, ते कलकत्त्याच्या त्या खोलीत पत्र्यातून कापून निघाले होते.

१८९५ मध्ये कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी जाहीर प्रात्यक्षिक केले. बंगालचे नायब राज्यपाल सर अलेक्झांडर मॅकेन्झी उपस्थित होते. एका खोलीतून निघालेल्या लहरी भिंती पार करून आणि मार्गात उभ्या राहिलेल्या मॅकेन्झी यांच्या भरदार देहातूनही आरपार जाऊन पलीकडच्या खोलीत पोहोचल्या. तेथे घंटा वाजली आणि बंदुकीच्या दारूचा लहानसा स्फोट झाला. मधे तार नव्हती. गुग्लिएल्मो मार्कोनी हा इटालियन तरुण इंग्लंडमध्ये आपल्या यंत्राचे पेटंट मागायला आला तो त्यानंतर, १८९६ मध्ये. त्याच वर्षी जगदीशचंद्रही विलायतेला गेले. २९ जानेवारी १८९७ च्या शुक्रवारी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचे व्याख्यान झाले. ज्या मंचावर मायकेल फॅरडे यांनी प्रयोग करून दाखवले, तेथे कलकत्त्याच्या पत्रेवाल्याने घडवलेली उपकरणे मांडली गेली आणि लॉर्ड केल्व्हिन यांच्यासारखे दिग्गज प्रभावित झाले.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. जगदीशचंद्रांना बिनतारी तारायंत्राचा धंदा उभारायचा नव्हता आणि त्यांच्या लहरी त्या कामाच्याही नव्हत्या. मिलिमीटर लहरी सरळ रेषेत जातात, वाटेतल्या अडथळ्यांनी क्षीण होतात. समुद्रापार संदेश धाडायचा तर लांबच लांब लहरी, उंच मनोरे, मोठी विद्युत्-शक्ती आणि त्यासाठी भांडवल हवे. मार्कोनीने ते सारे जमवले. रेडिओचा जनक कोण या वादात लॉज, रशियाचे पोपोव्ह, टेस्ला अशी बरीच नावे आहेत आणि प्रत्येक देशाने आपापला जनक ठरवून ठेवला आहे. त्या रांगेत बोस यांना उभे करून आपण त्यांना मोठे करत नाही. त्यांचे जे निर्विवाद आहे, ते लहर पाठवण्यापेक्षा ती टिपण्याच्या बाजूला आहे.

त्या काळी लहर टिपण्याचे साधन म्हणजे कोहिअरर. फ्रान्सच्या एदुआर ब्रांली यांनी दाखवून दिलेली ही काचेची नळी. तिच्यात धातूचा कीस भरलेला असे. लहर आली की कीस एकमेकांना चिकटे आणि वीज वाहू लागे. अडचण अशी, की एकदा चिकटलेला कीस चिकटूनच राही. पुढचा संकेत घेण्यासाठी नळीला टिचकी मारून तो सुटा करावा लागे. बंगालमध्ये आणखी एक विघ्न होते. तिथल्या दमट हवेत लोखंडाचा कीस गंजून जाई. या क्षुल्लक वाटणाऱ्या त्रासातून जगदीशचंद्रांनी वेगवेगळ्या धातूंची तपासणी सुरू केली. कोणता धातू लहरीला कसा प्रतिसाद देतो, कोणाचा विद्युत्-रोध घटतो, कोणाचा वाढतो, कोणता आपोआप पूर्वस्थितीला येतो, याचे त्यांनी पद्धतशीर तक्ते केले. पुढे नोबेलविजेते नेव्हिल मॉट यांना या विभागणीत पी आणि एन प्रकारच्या अर्धवाहकांची पूर्वकल्पना दिसली आणि बोस आपल्या काळाच्या निदान साठ वर्षे पुढे होते, असा अभिप्राय त्यांनी दिला.

या तपासणीतून दोन वस्तू निघाल्या. पहिली, लोखंड आणि पारा यांच्या स्पर्शावर चालणारा आणि टिचकीविना पूर्ववत होणारा कोहिअरर. त्याला टेलिफोनचा श्रवणभाग जोडला की संकेत कानाने ऐकता येई. त्याचे वर्णन रॉयल सोसायटीपुढे एप्रिल १८९९ मध्ये प्रसिद्ध झाले. १२ डिसेंबर १९०१ रोजी न्यूफाउंडलँडमध्ये मार्कोनीने अटलांटिकपलीकडून आलेला संकेत ऐकला, तेव्हा त्याच्याजवळ याच जातीचा, पाऱ्याचा ग्राहक होता. तो इटालियन आरमाराकडून मिळाला अशी नोंद झाली. प्रबीर बंद्योपाध्याय यांनी १९९८ मध्ये अमेरिकेतील विद्युत् अभियंत्यांच्या संस्थेच्या नियतकालिकात सविस्तर पुरावे मांडून या ग्राहकाचे मूळ बोस यांच्या निबंधापर्यंत नेले. मार्कोनीने बोस यांचे ऋण कधी जाहीरपणे मान्य केले नाही, हे खरे. पण एका उपकरणाचा उगम म्हणजे सबंध रेडिओचा शोध नव्हे, हेही तितकेच खरे.

दुसरी वस्तू म्हणजे गॅलिनाचा खडा. आपल्या विषयाच्या दृष्टीने हीच महत्त्वाची. काही सल्फाइड खनिजांतून वीज एका दिशेने सुलभ आणि उलट दिशेने अडखळत वाहते, हे जर्मनीच्या फर्डिनांड ब्राउन यांनी १८७४ मध्येच पाहिले होते. मात्र या गुणाला बिनतारी लहरींच्या कामाला जुंपण्याची कल्पना जगदीशचंद्रांची. गॅलिनावर धातूचे टोक हलकेच टेकवले, तर तो स्पर्शबिंदू लहर टिपतो. ना टिचकी, ना पारा, ना कीस. तोच स्पर्शबिंदू प्रकाशालाही प्रतिसाद देतो असे त्यांच्या ध्यानात आले आणि त्यांनी त्याला एक कृत्रिम डोळा मानले. मानवी डोळ्याला न दिसणारा प्रकाशही पाहणारा डोळा.

हा डोळा रेडिओत काय करतो, ते घरगुती संच समोर ठेवून पाहिले की सहज समजते. एरियलमध्ये परिसरातील सर्व केंद्रांच्या लहरी एकदम येऊन आदळतात. नळीवरचे ऐंशी-शंभर वेढे आणि कंडेन्सर मिळून त्यांतली एक निवडतात. कंडेन्सरची मूठ फिरवणे म्हणजे केंद्र बदलणे. निवडलेली लहर सेकंदाला लाखो वेळा पुढे-मागे हेलकावत असते. निवेदकाचा आवाज त्या हेलकाव्यांच्या लहानमोठेपणात दडलेला असतो. ती लहर थेट हेडफोनला दिली, तर त्यातील पातळ पडदा एवढ्या वेगाने हलू शकत नाही. पुढचा धक्का आणि मागचा धक्का एकमेकांना खोडतात आणि काहीच ऐकू येत नाही. खडा मधे बसवला की तो मागचा धक्का अडवतो. केवळ पुढचे धक्के उरतात, त्यांची बेरीज आवाजाच्या चढउताराप्रमाणे कमीजास्त होते, पडदा तेवढाच हलतो आणि कानात माणूस बोलू लागतो. त्याला लागणारी शक्ती प्रक्षेपण केंद्राच्या मनोऱ्यावरून हवेतून आलेली असते. म्हणूनच या रेडिओला बॅटरी लागत नाही. एरियल मात्र लांब आणि अर्थ पक्की हवी; हेडफोनही जास्त रोधाचा, दोन हजार ओहमच्या आसपासचा घ्यावा लागतो. खड्यावर टेकवलेल्या बारीक तारेला इंग्रजीत मांजराची मिशी म्हणत. ही मिशी खड्यावर इकडेतिकडे सरकवत संवेदनशील जागा हुडकणे हाच क्रिस्टल सेटवाल्यांचा मुख्य उद्योग असे. नेमकी जागा सापडावी आणि कोणीतरी दार धाडकन लावल्याने ती निसटावी, हे नित्याचेच.

या खड्याचे पेटंट घ्यायला जगदीशचंद्र तयार नव्हते. ज्ञान विकायचे नसते अशी त्यांची धारणा होती. १९०१ मध्ये ते लंडनमध्ये असताना एका बड्या तारायंत्र कंपनीचा कोट्यधीश मालक पेटंटचा अर्ज हातात घेऊनच त्यांना भेटायला आला. शोध गुप्त ठेवावा, नफा निम्मानिम्मा वाटून घ्यावा, असा त्याचा आग्रह होता. एवढ्या संपन्न माणसाची पैशासाठी चाललेली धडपड पाहून आपल्याला शिसारी आली, असे जगदीशचंद्रांनी मित्र रवींद्रनाथ टागोर यांना कळवले. त्या चक्रात एकदा पाय अडकला की सुटका नाही, ही भीतीही त्यांनी व्यक्त केली. मात्र भगिनी निवेदिता आणि विवेकानंदांच्या अमेरिकन शिष्या सारा बुल या दोघींचे मत वेगळे होते. शोधावर नाव राहिले नाही तर दुसरे कोणी ते घेऊन जाईल, हे त्यांनी ओळखले. त्यांच्या आग्रहाने ३० सप्टेंबर १९०१ रोजी अमेरिकेत अर्ज दाखल झाला आणि अडीच वर्षांनी मंजूर झाला. पेटंटात निम्मा हिस्सा सारा बुल यांच्या नावे आहे. जगदीशचंद्रांनी त्यापासून उत्पन्न मिळवण्यासाठी काहीही केले नाही.

पुढे काय झाले? १९०६ मध्ये अमेरिकेत ग्रीनलीफ पिकार्ड यांनी सिलिकॉनच्या आणि हेन्री डनवुडी यांनी कार्बोरंडमच्या ग्राहकाची पेटंटे घेतली आणि खड्यांचा बाजार सुरू झाला. नभोवाणी केंद्रे निघाली तसा तो फोफावला. दोघींचा आग्रह मानून घेतलेला तो कागद नसता, तर कलकत्त्याचे नाव या कथेत कोठेही उरले नसते, असे म्हणावे लागते. एका अर्थी निवेदिता आणि सारा बुल यांचेच बरोबर ठरले. जगदीशचंद्रांच्या निःस्पृहतेचे गोडवे गाताना हा हिशेब आपण सहसा मांडत नाही. त्यांनी पेटंट राबवले असते, तर आलेल्या पैशातून प्रेसिडेन्सीच्या न्हाणीघरालगतच्या खोलीऐवजी सुसज्ज प्रयोगशाळा उभी राहिली असती, आणि कदाचित भारतात विसाव्या शतकाच्या आरंभीच एखादा विद्युत्-उपकरणांचा कारखानाही. उलट बाजूने पाहिले, तर खड्यावर कडक मालकी असती तर तो शाळकरी मुलांच्या हाती इतक्या स्वस्तात पडला असता का, असाही प्रश्न विचारता येतो. तेव्हा याचा निकाल ज्याने त्याने लावावा.

स्वतः जगदीशचंद्र तोवर वेगळ्या वाटेला लागले होते. सतत वापराने ग्राहक थकतो आणि विश्रांतीने ताजातवाना होतो, हे पाहून त्यांना स्नायूंची आठवण झाली आणि धातूंकडून ते वनस्पतींकडे वळले. वाढीचा सूक्ष्म वेग नोंदवणारा क्रेस्कोग्राफ त्यांनी बनवला, ग्रंथ लिहिले, युरोप-अमेरिकेत व्याख्याने दिली. लंडनच्या शरीरक्रिया-शास्त्रज्ञांनी त्यांना कडाडून विरोध केला. वनस्पतींमध्ये विद्युत्-संकेत वाहतात हे त्यांचे म्हणणे पुढे मान्य झाले. काही निष्कर्ष मात्र टिकले नाहीत. १९१७ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला, १९२० मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व. ३० नोव्हेंबर १९१७ रोजी, एकोणसाठाव्या वाढदिवशी, त्यांनी कलकत्त्यात बोस संस्थेची स्थापना केली. दधीची ऋषींच्या अस्थींपासून घडवलेले वज्र हे तिचे बोधचिन्ह. येथील शोध सर्वांचे असतील, त्यांवर कधी पेटंट घेतले जाणार नाही, असे उद्घाटनाच्या भाषणातच त्यांनी जाहीर केले. म्हणजे १९०४ च्या अनुभवानंतरही त्यांचे मत तसूभर बदलले नव्हते.

२६ ऑगस्ट १९२७ रोजी कलकत्त्याचे नभोवाणी केंद्र सुरू झाले, तेव्हा जगदीशचंद्र अडुसष्ट वर्षांचे होते. त्यानंतर दहा वर्षांनी, २३ नोव्हेंबर १९३७ रोजी, गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले. एकोणऐंशीवा वाढदिवस आठवड्यावर आला होता.

तोवर व्हॉल्व्हच्या रेडिओने क्रिस्टल सेटला मागे टाकले होते. पण खडा संपला नव्हता. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, इटलीतील अँझिओच्या किनाऱ्यावर खंदकांत अडकलेल्या सैनिकांनी दाढीचे पाते आणि पेन्सिलीचे शिसे एकमेकांना टेकवून रेडिओ बनवले. पात्यावरचा ऑक्साइडचा थर गॅलिनाचे काम करी. रडारसाठी सिलिकॉन आणि जर्मेनियमवर संशोधन झाले आणि त्यातून १९४७ मध्ये ट्रान्झिस्टर जन्मला. त्याच्या जनकांपैकी एक, वॉल्टर ब्रॅटन, यांनी १९५५ मध्ये सहलेखकासह अर्धवाहकांचा इतिहास लिहिला, तेव्हा लहरी टिपण्यासाठी अर्धवाहक स्फटिक प्रथम वापरण्याचे श्रेय त्यांनी बोस यांना दिले. आपल्याकडे खड्याची जागा जर्मेनियम डायोडने घेतली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या बुधवार पेठेतून ओए-७९ डायोड आणून रेडिओ जुळवलेली पिढी आज साठीच्या पुढे आहे. नव्या पिढीला हा प्रयोग करायचा तर अडचण सुट्या भागांची नाही, केंद्राची आहे. हा संच मध्यम लहरींवर चालतो, एफएम त्यावर ऐकू येत नाही आणि आकाशवाणीची मध्यम लहरींची अनेक प्रक्षेपण यंत्रे अलीकडच्या वर्षांत बंद झाली आहेत.

याउलट जगदीशचंद्रांच्या आखूड लहरी, ज्या त्यांच्या हयातीत कोणाच्याच उपयोगाच्या नव्हत्या, आता बाजारात आल्या आहेत. मोटारींतील रडार मिलिमीटर लहरींवर चालते. भारतात २०२२ मध्ये झालेल्या ५जी लिलावात २६ गिगाहर्ट्झचा पट्टाही होता आणि त्याची लहर बारा मिलिमीटरच्या आतबाहेर असते. अमेरिकेतील अॅरिझोनाच्या बारा मीटर रेडिओ दुर्बिणीसाठी १.३ मिलिमीटर लहरींचा ग्राहक तयार करताना तेथील शास्त्रज्ञ डॅरेल इमर्सन यांना बोस यांच्या १८९७ च्या निबंधातील कल्पना उपयोगी पडल्या. २०१२ मध्ये अमेरिकेतील त्याच अभियंता संस्थेने बोस यांच्या मिलिमीटर लहरींच्या प्रयोगांना ऐतिहासिक टप्प्याचा मान दिला. पत्र्याचे कर्णे आणि पिळाच्या तागाच्या जुड्या अशी त्यांची मूळ उपकरणे कोलकात्याच्या बोस संस्थेने जपून ठेवली आहेत.